वृद्धांचा तोल आणि पतनाचा धोका : चिकित्सालयातील पंधरा मिनिटांचे परीक्षण

संधिगत वातासाठी आमच्याकडे दीड वर्ष नियमितपणे येणाऱ्या एका ७४ वर्षांच्या आजींची नोंदपत्रिका आम्ही अद्याप जपून ठेवली आहे. त्या पत्रिकेत नाडी आहे, जिव्हा आहे, मल-मूत्र-निद्रेची नोंद आहे, जानुबस्तीच्या दिवसांचा हिशेब आहे. गुडघ्यांची सूज व वेदना किती उतरली हेही तारीखवार लिहिलेले आहे. नाही ती एकच नोंद. त्या वर्षभरात आजी दोनदा पडल्या होत्या. आम्ही विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. श्रावणातल्या एका पहाटे त्या न्हाणीघराच्या उंबऱ्याशी तिसऱ्यांदा पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. पुढे चौकशी करता कळले की, झोपेसाठी त्या रोज रात्री एक गोळी घेत होत्या, रक्तदाबाची गोळी महिन्यापूर्वीच वाढवलेली होती आणि झोपताना तळपायांना तेल चोळावे ही आमचीच सूचना त्या निष्ठेने पाळत होत्या. त्या पहाटे तेलकट पावलांनीच त्या गुळगुळीत फरशीवर उतरल्या होत्या.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली. परंतु आजी त्यानंतर एकट्या कधी चालल्या नाहीत. गुडघ्यांच्या वेदना कमी झाल्याचे समाधान आम्ही मानत होतो, आणि ज्या चालण्यासाठी ही सारी चिकित्सा होती ते चालणेच हातचे गेले. तेव्हापासून साठीच्या पुढील प्रत्येक रुग्णाचे तोल-परीक्षण करण्याचा प्रघात आम्ही सुरू केला. ते कसे करावे, त्यातून काय निष्पन्न होते आणि या कामी औषधालयचालकांचा वाटा कोणता, हे प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न आहे.

१. विषयाचे महत्त्व

पासष्टीच्या पुढील व्यक्तींपैकी साधारणतः तिघांत एक व्यक्ती वर्षातून एकदा तरी पडते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ च्या आपल्या अहवालात नमूद केले आहे. याच संघटनेच्या २०२१ च्या माहितीनुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे मृत्यू पावतात. अनपेक्षित दुखापतींनी होणाऱ्या मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो, आणि या मृत्यूंत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक आहे.

पडण्याने हाड मोडते एवढीच ही हानी नव्हे. एकदा पडलेली व्यक्ती पुन्हा पडण्याच्या भयाने चालणे कमी करते. चालणे कमी झाले की मांसक्षय वाढतो, पाय अधिक दुर्बळ होतात, तोल अधिक बिघडतो आणि पुढील पतन जवळ येते. हे चक्र जितक्या लवकर ओळखता येईल तितके ते थांबविणे सोपे जाते. ते ओळखण्याची संधी अस्थिरोगतज्ज्ञापेक्षा आपल्याला आधी मिळते, कारण गुडघे, कंबर, निद्रानाश, मलावरोध या तक्रारी घेऊन हे रुग्ण वर्षानुवर्षे आपल्याच दारी येत असतात.

२. शास्त्रीय भूमिका

चरकसंहितेत साठीनंतरचे वय जीर्ण मानले आहे, तर सुश्रुतसंहितेत सत्तरीनंतर वार्धक्य सांगितले आहे. या वयात वाताचे प्राबल्य असते, हे आपण सारे जाणतो. अस्थी हे वाताचे आश्रयस्थान असून या दोहोंचे नाते इतर दोष-धातूंहून वेगळे आहे. वात वाढला की अस्थी क्षीण होते. चरकोक्त ऐंशी वातविकारांच्या गणनेत पादभ्रंश, पादसुप्तता, भ्रम, वेपथु हे सारे आलेले आहेत. वृद्ध रुग्णाचे पडणे यांपैकी एकाने क्वचितच घडते. बहुधा तीन-चार कारणे एकत्र आलेली असतात.

येथेच एक धोका संभवतो. ‘वृद्ध आहे, वात वाढला आहे’ एवढे म्हटले की निदान झाल्याचे समाधान मिळते आणि परीक्षण थांबते. वास्तविक वातप्रकोप कोणत्या स्थानी आहे, पायात आहे, नेत्रात आहे, कर्णात आहे की रुग्ण घेत असलेल्या औषधांनी तो घडविला आहे, हे ठरविल्यावाचून चिकित्सेची दिशा निश्चित होत नाही. विमानस्थानात देहाच्या आकारावरून बलाविषयी फसू नये, असा इशारा देताना मुंगीचा दृष्टान्त दिला आहे. लहानशी मुंगी मोठा भार वाहून नेते. व्यायामशक्तीही तेथे कर्मावरूनच जाणावयास सांगितली आहे. धष्टपुष्ट दिसणारे आजोबा खुर्चीतून हाताच्या आधारावाचून उठू शकतात की नाही, हे उठवून पाहिल्याखेरीज कळत नाही.

पुढे दिलेल्या चाचण्या आपल्या संहितांतील नाहीत. त्या तेथे शोधण्याचा अट्टाहासही करू नये. त्या गेल्या काही दशकांत अन्यत्र सिद्ध झालेल्या असून प्रश्न, दर्शन व स्पर्शन या आपल्या त्रिविध परीक्षेत त्यांना सहज जागा मिळते. म्हणून त्याच क्रमाने त्यांचा विचार करू.

३. प्रश्नपरीक्षा

अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राच्या ‘स्टेडी’ या उपक्रमात तीन प्रश्न मुख्य मानले आहेत : गेल्या वर्षभरात पडलात का? उभे राहताना वा चालताना अस्थिर वाटते का? पडण्याची भीती वाटते का? यांपैकी एकाचे जरी उत्तर होकारार्थी आले तरी पुढील परीक्षण करावे.

परंतु आपल्याकडील अनुभव असा की, ‘पडलात का?’ या थेट प्रश्नाला बहुतेक आजी-आजोबा नकारच देतात. ‘पडले नाही हो, जरा पाय घसरला’, ‘भिंत धरली म्हणून वाचलो’, ‘खाली बसकण मारली तेवढीच’ अशी उत्तरे त्यांच्या बोलण्यात असतात आणि त्यांच्या मते ते पडणे नसते. सून किंवा मुलगा सोबत असल्यास संकोच अधिकच वाढतो. फिरण्यावर बंदी येईल, ही भीती असते. म्हणून प्रश्न त्यांच्याच शब्दांत विचारावा : ‘आजी, वर्षभरात कधी पाय घसरला, तोल गेला, जमिनीवर बसावे लागले, असे झाले का?’ हेच घरातील व्यक्तीला स्वतंत्रपणे विचारावे.

होकार आल्यास पुढील तपशील घ्यावा : किती वेळा, कोठे, दिवसा की रात्री, काय करीत असता, पडण्यापूर्वी काय वाटले, शुद्ध हरपली होती का, स्वतः उठता आले का आणि किती वेळ जमिनीवर पडून राहावे लागले.

‘चक्कर येते’ ही तक्रार तर विशेष उलगडून घ्यावी लागते. मराठीत हा एकच शब्द निदान तीन अवस्थांसाठी वापरला जातो.

(अ) भोवताल गरगर फिरणे. अंथरुणात कूस बदलताना वा मान वर करताना काही सेकंदच असे होत असेल तर दोष बहुधा अंतःकर्णात असतो. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून विशिष्ट पद्धतीने डोके फिरवून केलेल्या उपचाराने तो पुष्कळदा दूर होतो. त्यासाठी महिनोन्‌महिने औषध देत राहू नये.

(आ) डोळ्यांपुढे अंधारी येणे. उठून उभे राहताना हे होत असेल तर रक्तदाब उतरतो आहे का, हे पाहावे. बसल्या जागी वा श्रमाने होत असेल, छातीत धडधड असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर हृदयरोगतज्ज्ञाकडे विनाविलंब पाठवावे.

(इ) डोके स्वच्छ, पण चालताना पायांखालची जमीन नीट कळत नाही. येथे पावलांची संवेदना, गुडघे-घोटे आणि मज्जासंस्था यांचा विचार करावा.

४. दर्शनपरीक्षा

रुग्ण दारातून आत येतो तेथपासून हे परीक्षण सुरू होते. पाऊल उचलले जाते की घासत येते, हात मोकळे हलतात की अंगाशी चिकटलेले असतात, वळताना एकदोन पावलांत वळतो की अनेक लहान पावले टाकतो, हे पाहावे. चालता चालता आपण काही विचारले असता जो रुग्ण उत्तर देण्यासाठी थांबतो, त्यालाही पडण्याचा धोका अधिक असतो, असे १९९७ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखविले आहे. त्यानंतर पुढील तीन चाचण्या घ्याव्यात. साहित्य म्हणून एक खुर्ची, एक मोजपट्टी आणि सेकंदकाट्याचे घड्याळ पुरते. चाचणीच्या वेळी आपण वा मदतनीस रुग्णाच्या अगदी निकट उभे असावे. अभ्यंग झालेल्या दिवशी चाचणी घेऊ नये.

(अ) ऊठ-चाल चाचणी : ही ‘टाइम्ड अप अँड गो’ या नावाने ओळखली जाते. पोडसिआडलो व रिचर्डसन यांनी १९९१ मध्ये ती प्रसिद्ध केली. हात असलेल्या खुर्चीपासून ३ मीटर अंतरावर जमिनीवर रेघ आखावी. रुग्णाने नेहमीची पादत्राणे घालून, नेहमीची काठी असल्यास ती घेऊन उठावे, नेहमीच्या गतीने रेघेपर्यंत जावे, वळून परत यावे व बसावे. ‘उठा’ म्हटल्यापासून बसेपर्यंतचा वेळ मोजावा. १२ सेकंद वा अधिक लागल्यास धोका समजावा. तथापि ही चाचणी एकटीच निर्णायक मानू नये. कमी वेळात परतलेला रुग्णही वळताना डगमगला असेल तर तशी नोंद करावी.

(आ) तीस सेकंदांची खुर्ची-चाचणी : सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीची, बिनहातांची सरळ पाठीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. रुग्णाने हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत जितक्या वेळा पूर्ण उभे राहून बसता येईल तितक्या वेळा बसावे-उठावे. हाताचा आधार घ्यावा लागल्यास गुण शून्य. ‘स्टेडी’ उपक्रमानुसार पुढील संख्येहून कमी वेळा उठता आल्यास पायांचे बल वयाच्या मानाने कमी समजतात :

६० ते ६४ वर्षे : पुरुष १४, स्त्रिया १२
६५ ते ६९ वर्षे : पुरुष १२, स्त्रिया ११
७० ते ७४ वर्षे : पुरुष १२, स्त्रिया १०
७५ ते ७९ वर्षे : पुरुष ११, स्त्रिया १०
८० ते ८४ वर्षे : पुरुष १०, स्त्रिया ९
८५ ते ८९ वर्षे : पुरुष ८, स्त्रिया ८

(इ) चार स्थितींची तोल-चाचणी : प्रथम दोन्ही पावले जुळवून, मग एका पावलाचा आतील मध्यभाग दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून, मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून एका रेषेत, आणि शेवटी एका पायावर. प्रत्येक स्थितीत डोळे उघडे ठेवून, आधारावाचून १० सेकंद उभे राहावयाचे असते. तिसरी, म्हणजे एका रेषेतील स्थिती १० सेकंद टिकत नसेल तर पतनाचा धोका वाढलेला असतो. एका स्थितीत असमर्थ ठरल्यास पुढील स्थिती करवू नये.

५. स्पर्शनपरीक्षा

रक्तदाब : रुग्णास ५ मिनिटे उताणे झोपवून रक्तदाब मोजावा. नंतर उभे करून १ मिनिटाने व ३ मिनिटांनी पुन्हा मोजावा. वरचा दाब २० किंवा खालचा दाब १० ने उतरल्यास तो स्थितिजन्य अल्परक्तदाब होय. बसवून एकदाच मोजलेला रक्तदाब हे कधीच सांगत नाही. आमच्या पहिल्या चुकीचे एक कारण हेच होते.

पावले : पादत्राणे व मोजे काढून दोन्ही पावले पाहावीत. वाढलेली नखे, भोवरी, वाकडा अंगठा, बोटांमधील चिखल्या हे सारे तोल बिघडवतात. डोळे मिटवून कापसाचा स्पर्श कळतो का ते पाहावे. १२८ कंपनांचा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंपने जाणवतात का ते विचारावे. प्रमेहाच्या रुग्णांत पादसुप्तता सामान्य आहे. शाकाहारी वृद्धांत, तसेच मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत जीवनसत्त्व बी-१२ ची न्यूनता आढळते आणि तिनेही पावलांची संवेदना जाते. येथे केवळ वातहर तैलाने काम भागत नाही. रक्ततपासणी करून न्यूनता भरून काढणे आवश्यक असते.

दृष्टी : मोतीबिंदू पिकलेला आहे का, चष्मा शेवटचा केव्हा तपासला, दुहेरी काचांचा चष्मा लावून रुग्ण जिना उतरतो का, हे याच वेळी पाहावे. अशा चष्म्याच्या खालच्या भागातून पायरी अस्पष्ट दिसते.

६. औषधांची झडती

‘घरात जी जी औषधे आहेत ती पिशवीत घालून आणा’ असे सांगावे. झोपेच्या व चिंतेच्या गोळ्या, अवसादावरील औषधे, रक्तदाबाच्या व मूत्रल गोळ्या, प्रोस्टेट ग्रंथीवरील काही औषधे, मधुमेहात साखर अति उतरविणारी औषधे आणि सर्दीवरील झोप आणणाऱ्या गोळ्या या सर्व पतनाचा धोका वाढवितात.

त्या पिशवीत आपली औषधेही असतात, हे विसरता कामा नये. सर्पगंधा रक्तदाब उतरविते. अन्य गोळ्यांच्या जोडीने ती घेतल्यास उभे राहताच अंधारी येऊ शकते. निद्राजनक कल्प झोपेच्या गोळीसोबत घेतल्यास मध्यरात्री लघवीसाठी उठलेला रुग्ण अर्धवट गुंगीत असतो. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो. सायंकाळची मात्रा ठरविताना तो ध्यानात घ्यावा. कपिकच्छूत लेव्होडोपा हे द्रव्य स्वभावतःच असते. कंपवाताचा रुग्ण तेच द्रव्य गोळीतूनही घेत असेल तर मात्रा दुणावते व रक्तदाब उतरू शकतो. मूत्रल द्रव्ये सायंकाळी दिल्यास रात्रीच्या फेऱ्या वाढतात.

दुसऱ्या चिकित्सकाने सुरू केलेली गोळी आपण परस्पर बंद करू नये. निरीक्षणे व आकडे लिहून त्या चिकित्सकास पत्र द्यावे. आकड्यांसह दिलेल्या पत्राची दखल घेतली जाते, असा आमचा अनुभव आहे.

७. निष्कर्ष कसा काढावा

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांच्या आधारे तीन वर्ग करता येतात.

अल्प धोका : वर्षभरात पतन नाही; अथवा दुखापतीविना एकदाच पतन झाले असून चाल व तोल उत्तम. यांना व्यायामाचा सल्ला देऊन वर्षाने पुन्हा पाहावे.

मध्यम धोका : एकदा दुखापतीविना पतन आणि चाल वा तोल बिघडलेला. यांना तोल व बल वाढविणारा नियोजित व्यायाम द्यावा.

अधिक धोका : दुखापतीसह पतन, वर्षात दोन वा अधिक पतने, अतिशय दौर्बल्य, पडल्यावर स्वतः न उठता येणे किंवा शुद्ध हरपण्याची शंका. यांचे सर्वांगीण परीक्षण तज्ज्ञांच्या साहाय्याने करावे.

आमच्या आजी पहिल्या दोन पतनांनंतरच तिसऱ्या वर्गात मोडत होत्या. एक प्रश्न विचारला असता तर ते समजले असते.

काही लक्षणे दिसता आपण चिकित्सा न करता तत्काळ रुग्णालयात पाठवावे : डोक्यास मार लागला असून रुग्ण रक्त पातळ करणारे औषध घेत आहे; पडल्यानंतर काही दिवसांनी वा आठवड्यांनी डोकेदुखी, ग्लानी वा वागण्यात बदल; एका अंगाची दुर्बलता; पडल्यावर पाय आखूड व बाहेर वळलेला दिसणे किंवा पायावर भार न घेता येणे. अशा खुब्यावर एक्स-रे होईपर्यंत तेल चोळू नये, शेक देऊ नये, ओढूनताणून चालवू नये.

८. एक उदाहरण

७२ वर्षांचे एक निवृत्त शिक्षक ‘सकाळी चक्कर येते’ म्हणून आले. वर्षात एकदा तोल जाऊन बसकण मारली होती, इजा नव्हती. ऊठ-चाल चाचणीस १५ सेकंद लागले, खुर्ची-चाचणीत ९ वेळा उठले, एका रेषेतील स्थिती ४ सेकंद टिकली. झोपून रक्तदाब १४८/८४, उभे राहिल्यावर १ मिनिटाने १२२/७६, ३ मिनिटांनी १२६/७८. म्हणजे वरचा दाब २६ ने उतरला होता. पिशवीत रक्तदाबाची गोळी, प्रोस्टेटची गोळी आणि शेजाऱ्याच्या सांगण्यावरून दुकानातून परस्पर आणलेली सर्पगंधेची वटी निघाली.

वटी बंद केली. उरलेल्या दोन गोळ्यांविषयी त्यांच्या डॉक्टरांना पत्र दिले. त्यांनी मात्रा व वेळा बदलल्या. उठताना आधी काठावर मिनिटभर बसावे, असे शिकविले आणि रोजचा व्यायाम दिला. तीन महिन्यांनी चाचण्यांचे आकडे अनुक्रमे ११ सेकंद, १२ वेळा व १० सेकंद झाले, आणि रक्तदाबातील उतार ८ वर आला. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडता येत नाही. परंतु भ्रमावरील औषध लिहून आम्ही मोकळे झालो असतो तर शेजारची वटी पिशवीतच राहिली असती.

९. आपला पंचकर्म कक्ष

अभ्यंग-स्वेदनानंतर शरीर शिथिल असते, रक्तवाहिन्या विस्फारलेल्या असतात आणि तळपाय स्निग्ध असतात. द्रोणीतून वा स्वेदनपेटीतून एकदम उठणारा वृद्ध तेथेच पडू शकतो. म्हणून पुढील नियम कक्षात लावून ठेवावेत. उठण्यापूर्वी तळपाय कोरड्या पंचाने पुसावेत. काठावर दोन मिनिटे बसवावे. मदतनिसाने हात धरूनच उतरवावे. फरशीवरील तेलाचा थेंब त्याच क्षणी पुसावा. द्रोणीजवळ व शौचालयात भिंतीला आधाराची दांडी असावी. वृद्धांस तीक्ष्ण शोधन टाळावे हा आपला नियमच आहे. मृदू विरेचनाच्या दिवशीही जलक्षयाकडे लक्ष ठेवावे आणि त्या रात्री रुग्ण एकटा नसावा. घरी पादाभ्यंग सांगताना ‘तेल जिरवून, पाय पुसून मगच जमिनीवर पाय ठेवावा’ हे वाक्य औषधपत्रावर लिहूनच द्यावे. आम्ही ते आता लिहितो.

१०. औषधालयचालकांसाठी

वैद्याला रुग्ण महिन्यातून एकदा भेटतो. औषधालयात तो वा त्याचा नातेवाईक अधिक वेळा येतो. निरनिराळ्या चिकित्सकांची पत्रके एकत्र दिसण्याचे स्थानही तेच आहे. तेव्हा चार गोष्टी सहज करता येतील. वृद्ध ग्राहक झोपेसाठी वा रक्तदाबासाठी आयुर्वेदीय वटी परस्पर मागत असेल, तर अन्य कोणत्या गोळ्या चालू आहेत हे विचारून वैद्याकडे पाठवावे. ‘ही गोळी घेतल्यापासून चक्कर येते’ असे कोणी म्हटल्यास ते वैद्यास कळवावे. अभ्यंगतेलाच्या बाटलीसोबत पाय पुसण्याची सूचना तोंडी द्यावी. काठी विकत असल्यास ती मापून द्यावी : रुग्ण सरळ उभा असता काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात ती धरावी आणि टोकाचे रबर झिजले की बदलावे. दुकानाच्या पायऱ्यांना कठडा आहे का, हेही एकदा पाहावे.

११. उपाययोजना

व्यायाम : तोल व पायांचे बल वाढविणाऱ्या व्यायामाने घरी राहणाऱ्या वृद्धांतील पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असे २०१९ च्या कॉक्रेन समीक्षणात आढळले आहे. स्वयंपाकघराचा ओटा धरून टाचा उचलणे, खुर्चीत बसणे-उठणे, ओट्याच्या कडेने आडवी पावले टाकणे आणि आधाराजवळ एका रेषेत उभे राहणे हे चार प्रकार पुरेसे आहेत. प्रारंभी प्रत्येकी पाच आवर्तने, आठवड्यातून तीन दिवस. पुढे अर्धशक्तीच्या मर्यादेत वाढवावे.

घर : रात्री अंथरुणापासून शौचालयापर्यंत झिरोचा दिवा जळता असावा आणि वीज जाते अशा ठिकाणी उशाशी विजेरी असावी. दुमडणारी पायपुसणी, वाटेतील तारा, न्हाणीघरातील साबणाचे पाणी, पावसाळ्यात अंगणातील शेवाळ यांचा बंदोबस्त करावा. उंबऱ्याच्या कडेला रंगाची ठळक पट्टी मारावी. जुन्या सपाता टाकून मागे पट्टा असलेली, न घसरणारी पादत्राणे घ्यावीत. नेसण जमिनीवर लोळू नये. शौचकूपाजवळ धरावयास दांडी असावी. वेगधारण करू नये हे खरे. पण म्हणून झोपेतून उठून धावावे असे नव्हे. काठावर क्षणभर बसूनच उठावे.

औषध : बृंहण, वातशमन, रसायन यांची योजना प्रकृती, अग्नी व व्याधी पाहून प्रत्येक वैद्याने करावीच. त्या योजनेचा परिणाम तपासण्यासाठी मात्र चाचण्यांचे आकडे दर तीन महिन्यांनी पुन्हा घ्यावेत. ‘बरे वाटते’ या शब्दांना सेकंदांची जोड मिळाली की आपली चिकित्सा कोठे उपयुक्त ठरते आणि कोठे नाही, हे आपल्यालाच अधिक स्पष्ट दिसते.

१२. समारोप

नव्या नोंदपत्रिका छापून घेताना आम्ही अष्टविध परीक्षेच्या खाली एक चौकट वाढविली आहे. तीत सहा ओळी आहेत : वर्षातील पतने, ऊठ-चाल सेकंद, खुर्ची-चाचणी, एका रेषेतील स्थिती, झोपून व उभ्याने रक्तदाब, आणि पिशवीतील औषधे. रक्तदाबासाठी रुग्ण झोपलेला असतानाच प्रश्न विचारून होतात व पावले पाहून होतात. त्यामुळे एकूण पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. वाचक वैद्यबंधू-भगिनींनी आपल्या पत्रिकेत अशी चौकट घालावी आणि उद्या येणाऱ्या पहिल्या वृद्ध रुग्णापासून ती भरण्यास प्रारंभ करावा, एवढीच विनंती. त्या आजींच्या पत्रिकेत ही जागा कोरी राहिली होती.